बऱ्हाणपूर : तीन दिवस आणि शंभर वर्षे

माळवा, निमाड, भोपाळ अथवा ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांच्या पूर्वजांनी तापी कोठे ना कोठे ओलांडलेलीच आहे. त्यांपैकी कित्येकांचा उतार बऱ्हाणपूरचा असला पाहिजे. तरीही हे शहर आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील स्थानक लालबागेस, म्हणजे जुन्या गावाबाहेर आहे. गाडी थांबते, सुटते. खिडकीतून केळीच्या बागा दिसतात आणि आपण पुढे निघून जातो. हिंदी पाट्यांवर या गावाचे नाव ‘बुरहानपुर’ असे असले, तरी पेशवाईच्या कागदांतून ते ‘बऱ्हाणपूर’ असेच येते, म्हणून येथे तेच रूप ठेविले आहे.

बऱ्हाणपूर म्हटले की आपल्या मंडळींस दोन गोष्टी आठवतात : मुमताजमहलचा मृत्यू आणि संभाजीमहाराजांची स्वारी. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु पहिल्या गोष्टीचे स्मारक आग्र्यास उभे राहिले आणि दुसरीचे कोठेच उभे राहिले नाही. गाव पायी फिरू लागले म्हणजे या दोन आठवणींच्या मध्ये आणि पुढे केवढा इतिहास राहून गेला आहे हे उमगू लागते. यासाठी दोन दिवस पुरतात. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. वैशाखात निमाडचे ऊन कोणाचीही इतिहासाची हौस भागवील.

आरंभ राजघाटावर करावा. येथे तापीचे पात्र काळ्या खडकाचे आहे आणि पात्रातच खडकाचा एक हत्ती उभा आहे. किल्ल्याची भिंत थेट नदीतून वर चढते. समोरच्या तीरावर जैनाबाद. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिरखानाने इसवी सन १४०० च्या सुमारास ही दोन गावे वसविली आणि दोघांस दौलताबादच्या परिसरातील दोन सूफी संतांची नावे दिली. उत्तर तीरास बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे, दक्षिण तीरास जैनुद्दीन शिराजी यांचे. या दोघांच्या समाध्या खुलताबादेस आहेत. पुढे औरंगजेब जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला; आणि १७४८ साली याच बऱ्हाणपुरात मरण पावलेला पहिला निजाम, निजाम-उल्-मुल्क आसफजाह, बुऱ्हाणुद्दीनांच्या पायाशी. मराठ्यांशी आयुष्यभर झुंजलेल्या दोन पुरुषांची अखेरची जागा या दोन गावांच्या नावांतच जणू लिहून ठेविली होती. योगायोगास अर्थ चिकटविण्याची मला फारशी हौस नाही, परंतु राजघाटावर उभे राहिले असता हा योगायोग मनातून जात नाही.

घाटावरून शाही किल्ल्यात शिरावे. बांधणी मुळात फारुकींची, तिच्यावर मोगलांनी भर घातली. बराच भाग पडला आहे. पाहावयाचे ते हमाम, म्हणजे स्नानगृह. त्याच्या छतावरील व भिंतींवरील रंगीत चित्रांचे अवशेष अजून तग धरून आहेत. वाटाडे तेथील एका चित्रात ताजमहालाची पूर्वकल्पना दाखवितात. मला ती काही केल्या दिसली नाही. रंग मात्र मनात राहिले.

या किल्ल्याने मोगल राजपुत्र फार गिळले. अकबराचा पुत्र दानियाल १६०५ साली मद्यापायी येथेच गेला. जहांगीराचा थोरला मुलगा खुस्रौ १६२२ च्या आरंभी येथेच कैदेत मारला गेला. दुसरा मुलगा परवेझ १६२६ साली येथेच वारला. हा परवेझ सुभेदार असताना, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरास जाताना येथे थांबला. त्याने नजर केलेल्या मद्याच्या पेटीने राजपुत्रास असे काही गाठले की ठरलेली खाजगी भेट होऊच शकली नाही. राजपुत्राचा, खानखानानाचा आणि आणखी थोडे वाडे सोडले तर सारे गाव मातीच्या झोपड्यांचे आहे, असेही त्याने नोंदविले आहे. त्या झोपड्यांत विणकर राहत असत. पुढे टॅव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहिले की येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते. अर्थात तीन राजपुत्र वाड्यांत विझत असताना झोपड्यांत तयार झालेला माल अर्धे जग नेसत होते.

१७ जून १६३१ रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात येथे गेली. तिचा देह प्रथम पलीकडच्या तीरावरील आहुखान्यात, म्हणजे दानियालच्या मृगवनात ठेवण्यात आला आणि डिसेंबरात आग्र्यास हलविला गेला. ही हकीकत सांगताना एक गोष्ट सहसा गाळली जाते. ती वर्षे दख्खन व गुजरातच्या भीषण दुष्काळाची होती. शहाजहानाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्यात येत असत, असे दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो. त्याच दुष्काळाच्या फेऱ्यात देहूस तुकोबांची पहिली पत्नी अन्नाविना गेली. एका पतीच्या शोकाचा संगमरवर झाला, दुसऱ्याच्या शोकाचे अभंग झाले; आणि ज्यांच्यासाठी लंगर उघडले होते त्यांचा शोक नोंदवावयास कोणी नव्हते.

किल्ल्यातून निघून बाजारातून जामा मशिदीकडे यावे. बऱ्हाणपुरात एकच वास्तू पाहावयास सवड असेल तर ही पाहावी. फारुकी राजा अलीखान, ज्यास आदिलशाह असेही म्हणत, त्याने ती बांधविली. समोर पंधरा कमानींची रांग, दोन्ही टोकांस उंच मिनार, आणि वर घुमट नाही. परंतु खरे आश्चर्य आत आहे. भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्या सोबतीस, देवनागरी अक्षरांत कोरलेला संस्कृत लेख. सृष्टिकर्त्यास वंदन करून तो आरंभ होतो, फारुकी राजांची वंशावळ सांगतो आणि बांधकामाचा काल विक्रम संवत् १६४६, शके १५११ व हिजरी अशा तिन्ही गणनांत, पौषातील तिथी, घटिका व नक्षत्रासह देतो. एखाद्या मुंजीचा मुहूर्त काढावा तसा मशिदीचा मुहूर्त! हा लेख कोणा पंडिताने रचला असेल, त्यास राजाने काय बिदागी दिली असेल, आणि घरी परतल्यावर त्याने हे कोणास कसे सांगितले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. राजाचा हेतू उघड आहे. त्याच्या प्रजेत शक आणि संवत् मोजणारे बहुसंख्य होते, आणि आपण केव्हा काय बांधले हे त्यांसही वाचता यावे अशी त्याची इच्छा होती. हा राजा १५९७ साली गोदावरीकाठच्या लढाईत, चाँदबीबीच्या पक्षाच्या फौजांविरुद्ध, मोगलांच्या बाजूने लढताना पडला. आणखी चार वर्षांत, १६०१ च्या आरंभी, अकबराने त्याच्या मुलाकडून असीरगड घेतला व फारुकींचे राज्य बुडविले. या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीवर आहे. बांधणाऱ्याची वंशावळ आणि वंश बुडविणाऱ्याची फुशारकी एकाच इमारतीवर वाचावयास मिळते.

पहिल्या दिवसाचे उरलेले मी थोडक्यात सांगतो. इतवाऱ्याकडील बीबी की मशीद जामा मशिदीहून जुनी, गुजराती घाटाची. तिचे नक्षीकाम पाहण्यासारखे. लोहारमंडीतील बडी संगत गुरुद्वारा १७०८ साली दक्षिणेकडे जाताना गुरू गोविंदसिंह येथे राहिले त्याचे स्मरण आहे, आणि तेथील हस्तलिखित ग्रंथसाहेब भाविकांस दाखविला जातो. लोधीपुऱ्यातील दर्गा-ए-हकीमी हे दाऊदी बोहऱ्यांचे मोठे तीर्थ, गावातील सर्वांत स्वच्छ जागा. फिरून भूक लागली की मांडे. बऱ्हाणपुरी मांडा आपल्या पुरणाच्या मांड्याहून निराळा. उपड्या कढईसारख्या तव्यावर भाजलेली ती प्रचंड पातळ रोटी असते, परंतु शब्द आपलाच आहे. नंतर मावा-जिलबी किंवा दराबा, ज्याच्या प्रकृतीस जे मानवेल ते.

शब्दांवरून निघालेच आहे तर वेशींची नावे पाहावीत. निजामाच्या अमलात, १७३१ साली, गावाभोवती तट बांधला गेला. त्याचे काही दरवाजे उभे आहेत. शनवारा, इतवारा, बुधवारा. पुण्याच्या पेठांत वाढलेल्यास येथे परके वाटणार नाही. ‘इतवारा’ हिंदी वळणाचा, परंतु ‘शनवारा’ आपल्या शनवारवाड्याच्या जिभेचा. दरवाजा कोणत्या काळचा आणि नाव कोणत्या काळी रूढ झाले यांचा हिशेब वेगळा. पण बाजारात उभा राहून मराठी माणूस ते नाव उच्चारतो तेव्हा त्यास जीभ वळवावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तटाबाहेर पडावे. उतावळी नदीकाठी खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान याची काळ्या दगडाची कबर आहे. लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात, आणि या नावाने तिचे नुकसानच होते, कारण पाहणारा ताज शोधीत येतो. हा शाहनवाजखान १६१६ साली मलिकअंबरावर विजय मिळविणारा मोगल सेनानी. १६१९ मध्ये ऐन तारुण्यात गेला. गावापासून दूर, तापी व मोहना यांच्या संगमाजवळ, मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री आहे. पुरंदरचा तह करणारे, शिवाजीमहाराजांस आग्र्यास धाडणारे हेच ते. महाराज आग्र्याहून निसटले आणि मिर्झाराजांवरची बादशाही मर्जी उडाली. दक्षिणेतून परत बोलाविले गेलेले हे वृद्ध सेनापती २८ ऑगस्ट १६६७ रोजी बऱ्हाणपुरातच वारले; अंबेरपर्यंत पोहोचले नाहीत. छत्री सुरेख आहे, भोवती शेते आहेत, आणि आपल्यापैकी कोणी तेथे जात नाही. प्रतिपक्षाच्या सेनापतीस दोन फुले वाहावयास आता हरकत नसावी.

यानंतर पश्चिमेस बहादरपूर. आज ते एक साधे गाव आहे. ३० जानेवारी १६८१ रोजी, राज्याभिषेकास अवघे दोन आठवडे होतात न होतात तोच, संभाजीमहाराजांच्या फौजा हंबीरराव मोहित्यांसह येथे अकस्मात उतरल्या. तटाच्या आतल्या गावास त्यांनी धक्का लावला नाही. तीन दिवस बाहेरचे पुरे लुटले. बहादरपूर त्यांत सर्वांत श्रीमंत, सराफांचे व देशोदेशीच्या मालाचे. आणखी सतरा पुरे लुटले-जाळले गेल्याचे खाफीखान लिहितो. अब्रूच्या भयाने काहींनी आपल्या बायकांस मारून स्वतःचा अंत केला, असेही लिहितो. खाफीखान आपला वैरी, त्याचा स्वर सोडून द्यावा. पण सराफाच्या घरी त्या तीन दिवसांत काय झाले असेल हे समजण्यास वैऱ्याची साक्ष लागत नाही. राज्यावर पातशाही चालून येणार हे दिसत होते, शत्रूचा खजिना तोडणे हा युद्धधर्मच होता, आणि त्या धाडसाची लष्करी किंमत निर्विवाद आहे. गावच्या प्रतिष्ठितांनी बादशहास लिहिले की आमची जीवित-वित्ताची शाश्वती उरली नाही, आता शुक्रवारचा नमाज बंद पडेल. औरंगजेब १३ नोव्हेंबर १६८१ रोजी बऱ्हाणपुरास पोहोचला, पुढल्या मार्चात औरंगाबादेकडे निघाला आणि पुन्हा कधी उत्तरेस परतला नाही. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत कठीण पंचवीस वर्षे याच गावातून आत आली.

या घटनेची आठवण अलीकडे फार विचित्र रीतीने जागी झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात ही स्वारी दाखविली आहे. मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याची शेते लोक रात्री विजेऱ्या व चाळण्या घेऊन खणू लागले, लुटीचे मोगली सोने सापडेल म्हणून. वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. पोलिसांस हटकावे लागले.

मला राहून राहून वाटते, या खणणाऱ्यांस हसण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे? आपण तरी बऱ्हाणपुरात दुसरे काय शोधतो? उद्गीरच्या लढाईनंतर, १७६० च्या आरंभी, निजामाने जो मुलूख पेशव्यांस तोडून दिला त्यात बऱ्हाणपूर आणि असीरगड होते. त्याच वर्षी भाऊसाहेबांची फौज याच वाटेने पानिपताकडे गेली. पुढे १७७८ च्या सुमारास हे ठाणे महादजी शिंद्यांकडे आले. १८०३ च्या ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने ते घेतले, वर्षअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने परत मिळाले. असीरगडचा किल्लेदार जसवंतराव लाड याने १८१९ च्या एप्रिलपर्यंत इंग्रजी तोफांस तोंड दिले. पेशवाई बुडून वर्ष होत आले होते तेव्हा. बऱ्हाणपूर गाव मात्र शिंद्यांकडेच राहिले, ते १८६०-६१ च्या मुलुखाच्या अदलाबदलीपर्यंत. म्हणजे लुटीचे दिवस तीन आणि मराठी अमलाची वर्षे शंभर. आपल्या मुलांस तीन दिवसांची हकीकत पाठ आहे. शंभर वर्षांविषयी विचारले तर आपणच गप्प बसतो.

याचे कारण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसास कळण्यासारखे आहे. धाडीची बखर होते. वसुलीचे फक्त दफ्तर होते. कमाविसदाराने पेरणीआधी तगाई दिली, पुंडाईचा बंदोबस्त केला, घाटाची पायरी बसविली, यात गोष्ट रंगण्यासारखे काही नाही. शिवाय त्या शतकात मराठ्यांनी येथे मशिदी-महालांच्या तोडीची वास्तू उभारली नाही. तो काळ तंट्याबखेड्यांचा होता, पैसा फौजेत जात होता, आणि गावाची भरभराटही ओसरली होती. जे राहिले ते घाटांवरच्या देवळांत, वाड्यांच्या खणांत आणि हुद्द्यांत. निमाडात देशमुखीच्या जागी ‘मंडलोई’ हा हुद्दा होता. तो आजही आडनाव म्हणून नांदतो. मध्यप्रदेशाचे एक मुख्यमंत्री भगवंतराव मंडलोई खंडव्याचेच. बऱ्हाणपूरच्या भुसकुटे घराण्याकडे या मुलुखाची सरमंडलोई होती. अशा घराण्यांच्या माळ्यांवर मोडीतील रुमाल असतात. मोडी वाचणारी पिढी सरत आली, वाडे विकले जात आहेत, आणि नव्या मालकास रुमालांचे काय करावे हे कळत नाही. सोने खणावयाचे तर ते तेथे आहे. विजेरीही लागणार नाही, फक्त माळ्यावर चढावयाची शिडी आणि नाकाला रुमाल.

कुंडी भंडारा मी मुद्दाम मागे ठेविला. १६१५ साली, म्हणजे सर टॉमस रो येथून गेला त्याच वर्षी, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, हिंदीचा तो ‘रहीम’ कवी, याच्या आज्ञेने तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना केली. सातपुड्यावर पडलेले पाणी भूमीच्या पोटातून तापीकडे झिरपत येते. ते वाटेतच अडवून, शंभराहून अधिक विहिरींची माळ भुयारी पाटाने जोडून, केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणले. मोट नाही, रहाट नाही. माळरानावर कुंड्यांची तोंडे धुराड्यांसारखी वर आलेली दिसतात. कात्रजच्या नळाचे उच्छ्वास पाहिलेल्या पुणेकरास ही रचना लगेच ओळखू येईल, परंतु कात्रजचे काम यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी झाले. आणखी मौज अशी की त्याच दशकात खानखानानाचा कट्टर शत्रू मलिकअंबर खडकीस, म्हणजे पुढल्या औरंगाबादेस, याच तऱ्हेची नहर खणीत होता. रणांगणावर एकमेकांचे गळे कापणारे हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी!

एका कुंडीत पाळण्याने सुमारे ऐंशी फूट खाली उतरण्याची सोय केलेली आहे. खाली गुडघाभर निर्मळ, थंड पाणी. वरून कुंडीकुंडीतून पडणारा उजेड दूरपर्यंत ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढले आहेत, आणि वेळोवेळी काढले नाहीत तर पाट अरुंद होत जातो. २०२४ च्या मार्चात युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत याचे नाव आले, हे चांगलेच झाले. पण यादीने भूजल वाढत नाही. भोवती केळी आहे, केळीस पाणी फार लागते, आणि आजच्या विंधनविहिरी खानखानानाच्या कुंड्यांहून पुष्कळ खोल जातात. फारुकी गेले, मोगल गेले, निजाम, पेशवे, शिंदे, इंग्रज गेले, यांपैकी कोणी हा पाट बुजविला नाही. तो आमच्या डोळ्यांदेखत आटला, तर दोष कोणावर टाकावयाचा?

परतताना ज्यांस दक्षिणेकडे जावयाचे आहे त्यांनी मुक्ताईनगरच्या रस्त्याने इच्छापुरास थांबावे. महाराष्ट्राची सीमा तेथून हाकेच्या अंतरावर. टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे. एका मराठा सुभेदाराने पुत्रप्राप्तीसाठी नवस केला, तो फळला, म्हणून त्याने विहीर व देऊळ बांधले. पुढे भुसकुट्यांनी वर चढावयास पायऱ्या केल्या, असे सांगतात. चैत्रात आणि नवरात्रात येथे दोन्ही राज्यांची गर्दी लोटते. देऊळ भव्य नाही, शिल्प म्हणून त्यात पाहण्यासारखे थोडेच आहे. सुभेदाराचे नाव सांगणारा मला तेथे कोणी भेटला नाही. पायऱ्या मात्र भक्कम आहेत, उंचीला बेताच्या, माझ्या वयाच्या माणसासही दम न लागता चढता येतील अशा. आणि सणाच्या दिवशी त्यांवर निमाडी, खानदेशी व मराठी या तिन्ही बोली एकमेकींत मिसळलेल्या ऐकू येतात.